आईचा आजार, माझा रिपोर्ट आणि खिसणी

मिरजकर_जर्सीत

नमस्कार मंडळी.

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर डोकावते, तेही बहुतेक भांडणं बघायला. आज वेगळं विचारायचंय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

वय ५३. माहेर मिरज, गेली २४ वर्षं मुक्काम न्यू जर्सीत, एडिसनजवळ. काम पगारपत्रकं करायचं, म्हणजे दिवसभर आकड्यांशीच गाठ. आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. २०११ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला अल्झायमरचं निदान झालं आणि २०१९ मध्ये ती गेली.

निदान २०११ चं, पण सुरुवात त्याच्या आधीची, हे आता कळतं. एका सुट्टीत मी घरी गेले होते. भाजी टाकायला मिसळणाचा डबा उघडला तर मोहरी आणि जिरे एकाच वाटीत. मी म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणाली, "पोरींनी सांडलं." घरात पोरी कुठल्या? मी अमेरिकेत, भाची तेव्हा सांगलीला क्लासला. दुपारभर ती स्टीलच्या ताटात ती मोहरी पसरून त्यातले जिरे वेचत बसली. बाबा म्हणाले, चांगलं आहे की, वेळ जातो तिचा. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर पुन्हा तेच. तेव्हा मी हसले होते.

आता मुद्द्याचं. लेकीने मदर्स डेला थुंकी पाठवून जनुकं तपासायची ती किट भेट दिली. पूर्वज कुठले, केस कुरळे का, कोथिंबीर आवडते का, असली गंमत. त्यात आरोग्याचाही भाग असतो. अल्झायमरचं पान मात्र एकदम उघडत नाही, आधी माहिती वाचायला लावतात आणि मग विचारतात की खरंच बघायचंय का. रविवार होता, पोहे भिजत टाकले होते. मी 'हो' दाबलं. एपीओई नावाच्या जनुकाची ई४ ही जात माझ्यात एक आहे. माझ्यासारख्या बाईला पंच्याऐंशी वर्षांपर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता १०० त तीसेक. पोह्यांचा त्या दिवशी लगदा झाला.

आता गंमत ऐका. रिपोर्टच्या आधी मी लेकीला सांगून ठेवलं होतं, "माझं ऐंशी टक्के ठरलेलंच आहे गं." म्हणजे आकडा ८० वरून ३० वर आला. बाजारात ऐंशीची भाजी तीसला मिळाली तर आपण पिशवी भरून आणतो! मला मात्र त्या दिवसापासून वाटतंय की आता शंभर टक्के. आधी नुसती भीती होती, आता तिला कागद मिळाला.

मागच्या महिन्यात गाजराची कोशिंबीर करत होते. लेकीला म्हटलं, "अगं ती दे ना... ती..." आणि शब्दच येईना. हाताने खिसून दाखवलं. ती म्हणाली, "ग्रेटर?" मी हो म्हटलं, गाजर खिसलं, कोशिंबिरीला फोडणी दिली, आणि कचरा टाकायचं निमित्त करून गॅरेजमध्ये जाऊन रडले. खिसणी. खिसणी हा शब्द मला आठवला नाही. तेव्हापासून रोज झोपायच्या आधी मिसळणाचा डबा उघडून बघते. मोहरी मोहरीत आहे, जिरे जिऱ्यात आहेत.

प्रश्न असे:
असं आणखी कुणाचं झालंय का, की आकडा कमी आला तरी भीती वाढली?
मिरजेत माझा दादा आहे, वय ५८. त्याला सांगू का? भाचीचं लग्नाचं बघतायत, दोन स्थळं आली आहेत. हे मध्येच काढलं तर वहिनी मला उभी करणार नाहीत.
आणि इथल्या दीर्घकालीन सेवेच्या विम्याचं (म्हातारपणी देखभालीचा खर्च देतो तो) कुणाला काही माहीत आहे का?

---

चहाबिस्किट

पुण्यात किसणी म्हणतात. त्यामुळे तुम्ही चुकीचा शब्द विसरलात. (हलके घ्या.)

---

डॉ_निवृत्त

ताई, पॅथॉलॉजीत ३५ वर्षं काढली, आता दौंडला शेती बघतो. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, तुमच्या मातोश्रींच्या मोहरी-जिऱ्यासारख्या. जरा वेचतो. मास्तरकी वाटली तर क्षमा करा.

पहिली गोष्ट जनुकाची. एपीओई एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या मुख्य जाती तीन: ई२, ई३, ई४. प्रत्येकाकडे दोन, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ई४ चा अल्झायमरशी संबंध १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवला. हे धोका वाढवणारं जनुक आहे, आजार ठरवणारं नव्हे. ई४ असलेले कित्येक जण नव्वदीत पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि ई४ नसलेल्यांना आजार होतो. आजार ठरवणारी जनुकं वेगळी, प्रेसेनिलिन वगैरे. त्यात आजार चाळिशी-पन्नाशीत, कधी त्याच्याही आधी येतो आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. मातोश्रींना चौऱ्याहत्तरीत निदान झालं, म्हणजे तो प्रकार दिसत नाही.

तुमचा ३० चा आकडा. २०११ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुक न बघता बायकांना पंच्याऐंशीपर्यंतचा धोका १०० त १४ होता. एक ई४ असलेल्या बायकांना ३०, दोन असलेल्यांना ६०. पुरुषांचे आकडे थोडे खाली. म्हणजे तुमचा धोका दुप्पट झाला हेही खरं, आणि शंभरातल्या ७० जणींना त्या वयापर्यंत होणार नाही हेही खरं. शिवाय त्या अभ्यासातली माणसं युरोपीय वंशाची. आपल्याकडे हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांमध्ये आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्यात जोडीने पाहणी झाली होती. ई४ चं प्रमाण तिथे ११ टक्के, आपल्याकडे ७. आजारही आपल्याकडे कमी आढळला. पण ई४ आणि आजार यांचं नातं मात्र दोन्हीकडे सारखंच निघालं. तेव्हा 'आपल्याला लागू नाही' म्हणून कागद फेकूही नका आणि ३० हा आकडा देवघरातही ठेवू नका.

दुसरी गोष्ट मनातल्या आकड्याची. त्यावर अमेरिकेत रिव्हील नावाची अभ्यासमालाच झाली. आई किंवा वडिलांना अल्झायमर झालेली, स्वतः धडधाकट असलेली माणसं घेतली. काहींना ई४ चा निकाल सांगितला, काहींना नाही. २००९ साली त्यातल्या १६२ जणांचा निष्कर्ष आला: वर्षभरात दोन्ही गटांच्या चिंतेत आणि नैराश्यात म्हणावा असा फरक नव्हता. मात्र ज्यांची मनःस्थिती आधीपासूनच नाजूक होती त्यांना निकालानंतरही जास्त त्रास झाला. आणि त्यांना निकाल कुणीतरी समोर बसून समजावला होता. तुम्हाला पोहे भिजत असताना मोबाइलने सांगितला.

त्याच मालिकेतला दुसरा भाग तुमच्यासाठीच लिहिलाय असं वाटेल. ज्यांना आपला सांगितलेला आकडा बरोबर आठवत होता, अशांना विचारलं की तुम्हाला स्वतःला तुमचा धोका किती वाटतो. जवळजवळ निम्म्यांनी वेगळाच आकडा सांगितला. म्हणजे विसरले नव्हते, पटला नव्हता. तुमचा ऐंशी कुठून आला होता? कुठल्या प्रयोगशाळेतून नाही. त्या स्टीलच्या ताटातून आला.

खिसणीबद्दल आणखी एक. २०१४ सालचा अभ्यास आहे. वृद्ध, स्मृती शाबूत असलेली माणसं. सगळ्यांची ई४ ची तपासणी झालेली, पण काहींना निकाल माहीत, काहींना नाही. ई४ आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले, आणि शाब्दिक स्मृतीच्या परीक्षेत त्यांना खरोखरच कमी गुण पडलेही. ई४ असून ज्यांना ते माहीत नव्हतं ते त्यांच्यापेक्षा बरे. जनुक दोघांचं एकच.

---

मिरजकर_जर्सीत

डॉक्टर, तो शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. म्हणजे मी ते पान उघडलं नसतं तर मला खिसणी आठवली असती?

---

डॉ_निवृत्त

कदाचित तरीही आठवली नसती. तुम्ही २४ वर्षं ज्या गावात राहता तिथे तिला खिसणी म्हणणारं तुमच्याशिवाय कोण आहे? पण तुम्ही गॅरेजमध्ये गेला नसता.

---

शिळोप्याचा_गडी

ताई, माझी उलटी कथा. कुणाला अभिमानाने सांगण्यासारखी नाही, पण उपयोगी पडेल.

वडील कोल्हापूरला एसटीत कंडक्टर. सत्तरीनंतर त्यांना हाच आजार झाला. शेवटी शेवटी दाराशी उभं राहून घरात येणाऱ्या प्रत्येकाला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायचे. मी त्यांना आंघोळ घातलीय, त्यांच्या थपडा खाल्ल्यात. कामानिमित्त दोन वर्षं परदेशात होतो, तेव्हा मीही तुमच्यासारखी किट मागवली. निकाल ई३-ई३. ई४ नाही.

त्या रात्री मी पार्टी दिली. खरंच. मित्रांना सांगितलं, आपली पाटी कोरी! आणि त्यानंतर हळूहळू काय झालं ते ऐका. सकाळचं चालणं सुटलं. बीपीची गोळी 'आज राहू दे' म्हणत म्हणत चार महिने राहिली. बायको बोलली तर मी तो रिपोर्ट मोबाइलवर उघडून दाखवायचो. शेवटी ऑफिसच्या तपासणीत वरचा आकडा १८० निघाला आणि डॉक्टरणीने मला अक्षरशः झापलं. तिने विचारलं, "वडिलांकडे ई४ होतं का, तपासलं होतं?" नव्हतं तपासलं. मग म्हणे, त्यांना ई४ शिवायच झाला असेल तर तुमचं ई४ नसणं काय सांगतं? मला उत्तर देता आलं नाही.

त्यामुळे माझं मत असं की ३० आला म्हणून तुम्ही शंभर मानलंत आणि मी सरासरीला शून्य मानलं. गणितात दोघंही नापास. फरक इतकाच की तुम्ही रडलात आणि मी चकण्याला शेंगदाणे खाल्ले.

---

कोकणी_मेवा

मी तपासणी केलेली नाही आणि करणारही नाही. सासूबाईंचं गेली ६ वर्षं सगळं करतेय, आणि माझी स्वतःची आत्याही त्यातच गेली. रत्नागिरीजवळ राहतो आम्ही. रात्री दोनला उठून त्या पडवीत जातात आणि "होडी आली का" विचारतात. मी "येतेय" म्हणते. मग झोपतात. मला पुढचं कळून काय करायचंय? माझ्या हाती जे आहे ते मी तसंही करतेय.

डीएनएची रचना शोधणारा तो वॉटसन. त्याने स्वतःची सगळी जनुकं वाचून जगापुढे मांडली, आणि एपीओई तेवढं झाकून ठेवायला सांगितलं. मला सांगूही नका म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाला ते पान नको होतं, मग मला नको असलं तर मी अडाणी कशी?

पण तुमच्या दादाबद्दल बोलते. तुमच्या आईला काय झालं होतं हे मिरजेत सगळ्यांना माहीत असणार. स्थळवाल्यांना तर नक्कीच, आपल्याकडे ते मुलीच्या आजीच्या गुडघ्यांपर्यंत चौकशी करतात. मग तुमचा रिपोर्ट त्यात भर काय घालतो? तुमच्यात आहे म्हणजे दादात असेलच असं नाही, आणि दादात असलं तरी भाचीत यायची शक्यता निम्मी. तरी पत्रिका-गुण जुळवणाऱ्या मंडळींच्या हाती असला कागद पडला की त्याचं काय होईल, ते आपण सगळे जाणतो. मंगळ परवडला. दादाला सांगायचं तर दादाला सांगा, भाचीच्या लग्नाला सांगू नका.

---

विमा_आणि_वडापाव

मी कॅलिफोर्नियात. विमा विकत नाही, पण आईवडिलांसाठी नि स्वतःसाठी बराच धुंडाळलाय. थोडक्यात: अमेरिकेतला २००८ चा गिना कायदा आरोग्य विमा आणि नोकरी या दोन ठिकाणी जनुकाच्या निकालापासून संरक्षण देतो. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि तुम्ही म्हणता तो दीर्घकालीन सेवेचा विमा त्यात येत नाहीत. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत, म्हणून न्यू जर्सीचा माहीतगार गाठा. अर्जावर विचारलं तर खोटं लिहू नका, पुढे दाव्याच्या वेळी अंगाशी येतं.

आणि तुम्ही एकट्या नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच रिव्हीलमध्ये ई४ निघालेल्या लोकांनी या विम्यात फेरफार केल्याचं प्रमाण निकाल न सांगितलेल्यांच्या जवळजवळ सहापट होतं. म्हणजे लोक रडतात थोडे आणि विमा एजंटला फोन जास्त करतात.

---

चहाबिस्किट

@कोकणी_मेवा, "मंगळ परवडला" हे फ्रेम करून लावतो.

---

डॉ_निवृत्त

शिळोप्याचे गडी, बीपीचं लिहिलंत ते बरं झालं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या चौदा गोष्टींची यादी दिली: रक्तदाब, मधुमेह, एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, प्रदूषण, नजर वगैरे. त्या सगळ्या आयुष्यभर आटोक्यात राहिल्या तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशोब आहे. सगळ्या समाजाचा हिशोब आहे हा, एकट्या माणसाचा नव्हे. त्या यादीत एक गोष्ट लोक नेहमी विसरतात: कान. ऐकू कमी येणं.

मिरजकर ताई, दादांना सांगायचं ठरवलंत तर आधी एवढंच विचारा की तुला काही जाणून घ्यायचंय का. 'माझा निकाल आलाय, तुला ऐकायचा आहे की नाही?' नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. न कळण्याचाही त्यांना हक्क आहे. आणि जाणून घ्यायचंच असेल तर किट नको, जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन रीतसर करा.

---

मिरजकर_जर्सीत

मंडळी, काल दादाला फोन केला. डॉक्टरांचं वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. संवाद जसाच्या तसा देते.

मी: "दादा, माझा आईच्या आजाराचा जीन आलाय. तुला ऐकायचंय का?"
दादा: "जीन्स? कुणाला पाठवतेस? माझी कंबर आता अडतीस झालीय."
मी: "जीन्स नाही रे, जीन. जनुक!"
दादा: "जानकी? जानकीकाकूंना काय झालं?"

मागे टीव्ही असा मोठ्याने चालू होता की मला न्यू जर्सीत बातम्या ऐकू येत होत्या. जानकीकाकू ठणठणीत आहेत हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. मग वहिनींनी फोन घेतला. म्हणाल्या, "वन्सं, तीन वर्षं सांगतेय कानाच्या डॉक्टरकडे चला. म्हणतात, तूच पुटपुटतेस."

मी त्यांना सगळं सांगितलं, लॅन्सेटची ती कानाची ओळसुद्धा. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काय वाटत होतं सांगू? ते हल्ली दोनदा दोनदा विचारतात. मी घाबरले होते. सासूबाईंचं सगळं मीच केलंय ना." म्हणजे माझ्यासारखाच एक आकडा त्याही मनात धरून बसल्या होत्या, कुठल्याही किटशिवाय.

दादाला निकाल ऐकायचा नाहीये. वहिनींनी कानाशी ओरडून विचारलं, तो म्हणाला, "तुझा तुझ्यापाशी ठेव." कानाच्या तपासणीला मात्र तयार झालाय, गुरुवारी जाणार आहेत, वहिनी सोबत. भाचीला काही सांगितलेलं नाही. ती एका स्थळाला नाही म्हणालीय, कारण मुलगा चहात बिस्किट बुडवतो. (@चहाबिस्किट, तुम्ही तर नव्हे?)

माझं म्हणाल तर समुपदेशकाची वेळ घेतलीय, पुढच्या महिन्यातली. विम्याचे तीन आकडे मागवलेत, एकापेक्षा एक डोळे पांढरे करणारे. डबा काल रात्रीही उघडला. नंतर लेकीने मिसळणाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली: "आई, मोहरी नीट आहे. झोप." मराठीत लिहिलीय, 'मोहरी'तला 'ह' चुकलाय.

---

चहाबिस्किट

मी नव्हे. मी खारी बुडवतो.

दादांना अडतीसची जीन्स पाठवून द्या.

---

डॉ_निवृत्त

गुरुवारचा ऑडिओग्रॅम कसा आला ते इथे कळवा.